मागचे पाटे

कुणाचीही गाडी उभी दिसली की अण्णा तिच्या मागच्या बाजूला जात, दोन्ही तळहात टेकून तिला खाली दाबत आणि एकदम सोडून देत. मग मान तिरकी करून ती किती वेळा वरखाली होते ते मोजत. ऑटोरिक्षा असो, देशपांडे नगरातल्या डॉक्टरांची काळी मोटार असो, नाहीतर हार घालून उभी केलेली वरातीची गाडी असो, त्यांना फरक पडत नसे. त्या वरातीच्या गाडीत नवरानवरी बसलेली होती. नवरी दचकली, नवऱ्यानं मागं वळून पाहिलं. अण्णा त्याला शांतपणे म्हणाले, "अडीच. जरा सैल आहे, पण सध्या चालेल." एका बारशाला त्यांनी स्प्रिंग लावलेली झोळीसुद्धा अशीच दाबून सोडली होती. बाळ जागं होऊन रडायला लागलं. अण्णा बाळाच्या आईला म्हणाले, "रडू दे. झोळी उत्तम आहे."

त्यांना जाऊन आता पाच महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की पहिल्यांदा हे दाबणं आठवतं आणि पुढं काय लिहावं ते सुचत नाही. मी त्यांच्या घरी साडेपाच वर्षं भाड्यानं राहिलो. त्यांच्या जीपमध्ये मागं बसून किती मैल हिंडलो याचा हिशेब नाही. तरी ते कसे होते असं कुणी विचारलं तर मी दोन वाक्यं बोलतो, आणि तिसरं वाक्य पहिल्या दोन्हींना खोटं पाडतं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी हुबळीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो. विद्यानगरात अण्णांच्या घराची पुढची खोली रिकामी होती. ती बघायला एकाच दिवशी आम्ही तिघं आलो होतो. एक बँकेत होता, एक वकिली शिकत होता. अण्णांनी तिघांना अंगणात उभं केलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मला विचारलं, "वजन किती?"

मला वाटलं तब्येतीची चौकशी आहे. "माहीत नाही," मी म्हणालो.

"चला मग."

दुर्गदबैलाच्या बाजारात धान्याच्या एका अडतीवर मोठा काटा होता. मला त्यावर पोत्यासारखं बसवलं. चव्वेचाळीस किलो भरलो. अण्णांनी खिशातून घडी केलेला डॉक्टरांचा कागद काढला, त्यावरचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "खोली तुमची." बँकेतला मनुष्य परत कधी भेटला की अजून मला त्याबद्दल विचारतो. मला अजून नीट सांगता येत नाही.

तो कागद वहिनींच्या वजनाचा होता. अण्णांची पत्नी. लग्नानंतर चार वर्षांनी त्यांच्या मणक्याला क्षय झाला. वर्षभर प्लास्टरमध्ये होत्या. रोग बरा झाला, पण पाठ कायमची नाजूक राहिली. घरात भिंतीला धरून त्या हिंडत, बसल्या बसल्या भाकरी थापत, पण अंगाला दचका बसला की पाठीतून कळ जाई आणि मग आठ-आठ दिवस त्यांना पाय उचलता येत नसत. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली नव्हती. दचक्याला केली होती. अण्णा म्हणत, "म्हणजे डॉक्टरांनी प्रवास माझ्यावर सोपवला."

प्रवास हवा होता, कारण वहिनींचं माहेर अळणावरच्या पलीकडं होतं. अळणावरपर्यंत रेल्वे होती, पुढं अकरा मैल गाडीवाट. आजारानंतर एकदा अण्णांनी त्यांना रेल्वेनं नेऊन पुढं बैलगाडीत घातलं होतं. तिसऱ्या मैलावरून परत फिरावं लागलं. तिकडं वहिनींची आई म्हातारी, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, आणि चालत्या गाडीत बसली की तिला घेरी येऊन ओकाऱ्या होत. त्यामुळं आईला इकडं येता येत नव्हतं आणि लेकीला तिकडं जाता येत नव्हतं. मी राहायला गेलो तेव्हा दोघींना भेटून सात वर्षं झाली होती. अण्णांनी सासूला शब्द दिला होता की मी तिला आणतो.

त्या शब्दासाठी त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती. स्टीअरिंग डावीकडं, छत ताडपत्रीचं. एरवी असली जीप घेणारा माणूस इंजिनात डोकं घालतो. अण्णांनी बॉनेट उघडलेलं मी क्वचितच पाहिलं. ते कायम मागं, चाकांच्या मध्ये, उताणे. जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची एकेक चळत असते. तिला पाटे म्हणतात. गाडीचं ओझं आणि रस्त्याचे धक्के तेच झेलतात. लष्कराची गाडी ओझ्यासाठी केलेली, म्हणून तिला पट्ट्या जास्त आणि त्या ताठ. चव्वेचाळीस किलोचं माणूस मागं बसलं तर पाटे त्याची दखलही घेत नसत. सगळा खड्डा जसाच्या तसा माणसाच्या पाठीत.

अण्णा स्वतः रस्ते खात्यात ओव्हरसियर होते. आयुष्यभर खडी आणि डांबर मोजत आलेले. मी त्यांना एकदा म्हणालो, "अण्णा, तुम्ही खात्यातले. ते अकरा मैल नीट करून घेता नाही येणार?" ते माझ्याकडं असं बघत राहिले की मीच ओशाळलो. मग म्हणाले, "मास्तर, रस्ता खात्याचा. पाटा माझा." हे ते पुढं पुष्कळदा म्हणाले, आणि दर वेळी नव्यानंच सुचल्यासारखं.

दुर्गदबैलाच्या मागच्या गल्लीत एक मिस्त्री होते. लॉऱ्यांचे दबलेले पाटे तापवून, ठोकून पुन्हा वाकवून द्यायचे. अण्णांनी पहिली पट्टी काढायला सांगितली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "अण्णा, माझ्याकडं लोक पट्टी चढवायला येतात बघा. उतरवायला आलेले तुम्ही पहिलेच."

"लोकांना पोती न्यायची असतात."

"आणि तुम्हाला?"

"माणूस न्यायचंय."

मिस्त्रींनी माझ्याकडं बोट केलं. "हे?"

"हे नव्हे. हे वजन आहे."

मिस्त्रींनी मला नीट पाहून घेतलं. "बरं आहे की वजन," ते म्हणाले, "चहा पितंय काय?" त्यानंतर त्या गल्लीत माझं नाव वजनच पडलं. एकटा बाजारात गेलो तरी भट्टीवरून हाक येई, "वजन, आज मोकळंच?"

पट्टी काढली म्हणजे काम झालं, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. गाडी मऊ झाली की मागून खाली बसे. मग ती उचलण्यासाठी पाट्याच्या टोकाचे दुवे लांब करायचे. उचलली की वळणावर कलायची. खड्ड्यातून बाहेर आल्यावर बराच वेळ होडीसारखी डुलत राहायची, आणि वहिनींना दचक्यापेक्षा हे डुलणंच जास्त बाधेल की काय अशी अण्णांना धास्ती. डुलणं थांबवायला घट्ट शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावायचे, की पुन्हा दचका. पट्ट्यांची टोकं एकमेकींत रुततात म्हणून त्यांनी ती कानशीनं घासून गोल केली, मध्ये ग्रीस भरलं, वरून चामड्याची पट्टी गुंडाळली. अशात वर्ष जाई. पुढचे पाटे मात्र त्यांनी तसेच ताठ ठेवले होते. मी कारण विचारलं. "पुढं मी बसतो," ते म्हणाले. त्यामुळं एकाच जीपमध्ये आम्ही दोन निराळ्या रस्त्यांवरून जात असू. मी मागं तरंगत आणि अण्णा पुढं दात आपटत.

आता मोजणीचं. जीप कितपत मऊ झाली ते मोजायचं कशानं? अण्णांनी पाण्याची वाटी ठेवून पाहिली, पाणी सगळीकडंच सांडे. शेवटी त्यांनी मोजायला माझं वाचन घेतलं. ग्रंथालयातून रद्द झालेलं वनस्पतिशास्त्राचं एक जुनं मराठी पाठ्यपुस्तक माझ्याकडं होतं, बारीक टायपाचं. मी मागं गादीवर बसून ते मोठ्यानं वाचायचं. दचका बसला की ओळ सुटते, आवाज मोडतो. आवाज मोडला की अण्णा डाव्या खिशातला एक चिंचोका समोरच्या डब्यात टाकणार. गावाबाहेर उणकलच्या पलीकडं शेतातून एक वाट होती, जवळपास चार मैलांची. तिच्या शेवटी डब्यातले चिंचोके मोजायचे. पहिल्या वेळी ते पुरले नाहीत.

दर वेळी तेच पान. मुळांचा धडा. मी एकदा म्हणालो, निदान पानांचा धडा घेऊ या. अण्णा म्हणाले, "गज बदलला की मोजणी गेली." ओव्हरसियरचा नियम होता तो, आणि त्यांच्या परीनं बरोबरच होता. वाटही तीच, पानही तेच, वजनही तेच. वजनाबद्दल तर ते फार कडक होते. वहिनींच्या हातच्या भाकरीनं मी दुसऱ्या वर्षी तीन किलो वाढलो, तेव्हा अण्णांनी मला रविवारचा नाश्ता बंद केला. वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजींना उपाशी ठेवू नका. मीच तीन किलो वाढते म्हणजे झालं."

"तू वाढू नकोस. सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"करा की. दुसरं काय काम आहे तुम्हाला?"

वहिनींचं बोलणं असं. त्यांनी माहेरी जायचं आहे असं एकदाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. अण्णा बाहेर असताना एकदा त्या शेंगा सोलता सोलता मला म्हणाल्या, "यांना गाडी पुरी व्हायला नकोय, भाऊजी. पुरी झाली तर निघावं लागेल."

मी त्या वेळी हसलो. पुढं मात्र ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि अण्णांकडं बघताना मी दोन माणसं बघू लागलो. एक, जो बायकोसाठी पाच वर्षं जमिनीवर उताणा पडला. दुसरा, ज्याला बायकोच्या पाठीमुळं उताणं पडायला एक निमित्त मिळालं. कधी हा खरा वाटे, कधी तो. उजेडात पट्टी धरून तिच्या धारेवरून बोट फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे, ते वहिनींकडं बघताना कधी दिसत नसे. वहिनींकडं ते फारसं बघतच नसत. त्या भिंतीला धरून उठायला लागल्या की मान फिरवत. मग रात्री माझ्या खोलीत येऊन विचारत, "आज तिला उठायला कितीदा थांबावं लागलं, तुम्ही बघितलंत काय?"

पाचव्या वर्षी चिंचोके कमी होत चालले. अकरावर आले. मग सहावर. त्या हिवाळ्यात माहेरून पत्र आलं. वहिनींच्या भाच्यानं लिहिलं होतं की आजीला आता काहीच दिसत नाही, अन्न कमी झालं आहे, आत्याला एकदा हात लावायचा आहे म्हणते. अण्णांनी पत्र वाचलं, घडी करून सदऱ्याच्या ज्या खिशात फूटपट्टी असे त्यात ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींकडं जाऊन आणखी एक पट्टी उतरवून आणली.

त्या रविवारी आम्ही उणकलच्या वाटेला लागलो. मी नेहमीसारखा वाचू लागलो. मुळे मुख्यतः दोन प्रकारची असतात. सोटमूळ जमिनीत सरळ खाली जाते. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मी बांधावरची बाभळीची झाडं बघतो आहे. पुस्तक मांडीवर उघडं होतं, पण नजर झाडांवर, आणि आवाज मात्र चालूच. धडा पाठ झाला होता. एवढंच नव्हे, वाटही पाठ झाली होती. कुठल्या खड्ड्याआधी श्वास घ्यायचा आणि कुठला शब्द ओठ मिटून धरायचा हे माझ्या अंगाला कळत होतं. शेवटी डब्यात तीन चिंचोके निघाले. अण्णांनी ते तळहातावर घेऊन मला दाखवले.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणार होतो, असंही मला आठवतं. पण माझीच खात्री नव्हती. जीप खरोखरच पूर्वीपेक्षा मऊ लागत होती. किती मऊ, ते मला सांगता येईना, कारण ज्यानं मोजायचं तो मीच बदललो होतो. घरी आल्यावर मी पुस्तक खोलीत ठेवून, हातपाय धुऊन बाहेर आलो तर वहिनी दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. अण्णा गाडी धुवायला पाणी आणायला आत गेले होते. वहिनींनी मला हळूच विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. झाली का गाडी?"

मी म्हणालो, "झाली."

आठ दिवसांनी पहाटे निघालो. मागं दोन गाद्या, वहिनी कुशीवर, बाजूला मी, त्यांच्या डोक्यामागची उशी धरून. धारवाडपर्यंत रस्ता चांगला होता. अळणावरपर्यंतही वहिनी बोलत होत्या. कुठं कुठलं झाड होतं, कुठं बस थांबायची, लग्नात वऱ्हाड कुठं जेवलं. सूर्य वर आला होता. मग गाडीवाट लागली.

ती वाट उणकलच्या वाटेसारखी नव्हती. तिचे खड्डे मला माहीत नव्हते. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या खोल, मध्ये दगड. पहिले चार-पाच मैल वहिनी गप्प होत्या. मग प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज येऊ लागला. मागचं अ‍ॅक्सल वर येऊन चौकटीवर आदळत होतं. पाटे इतके मऊ झाले होते की मोठ्या खड्ड्यात ते पुरतेच नव्हते. अण्णा म्हणत होते, "निधान, निधान." हळू, हळू. ते गाडीला म्हणत होते की स्वतःला, कळत नव्हतं.

नवव्या मैलाच्या सुमारास वहिनींनी माझा दंड धरला आणि सोडला नाही. अण्णांनी गाडी थांबवली. मागं वळून ते वहिनींकडं नाही, माझ्याकडं बघत म्हणाले, "पण वाचताना तर तीनच पडले होते."

त्यांनी सीटखाली हात घालून ते पुस्तक काढलं. त्यांनी ते बरोबर आणलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. "वाचा," ते म्हणाले, आणि गाडी पुन्हा चालू केली.

मी वाचलं. का वाचलं ते मला आजही सांगता येत नाही. नाही म्हणता आलं असतं. मुळे मुख्यतः दोन प्रकारची असतात. गाडी खड्ड्यात गेली, वहिनी कण्हल्या, आणि माझा आवाज तसाच पुढं गेला. सोटमूळ जमिनीत सरळ खाली जाते. पुन्हा खड्डा, पुन्हा कण्हणं, आवाज तसाच. शंभर पावलं गेलो असू. डब्यात एकही चिंचोका पडला नाही. अण्णांनी गाडी उभी केली.

"पुस्तक मिटा," ते म्हणाले.

मी मिटलं.

"आता पुढचं म्हणा."

मी म्हटलं. तंतुमुळे एकाच ठिकाणाहून निघून चहूकडे पसरतात. अर्ध्या वाक्यात थांबलो. अण्णा उतरले, त्यांनी खाली वाकून पाटे बघितले, मग टोपी सारखी केली आणि गावाकडं चालू लागले.

वहिनींचा चेहरा घामानं भिजला होता. मी पाणी दिलं. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "मुळं अगदी छान पाठ झालीत, भाऊजी." मला वाटतं त्या हसल्या. पण कळ आली की त्यांचे ओठ तसेच होत, म्हणून खात्रीनं सांगत नाही.

गाव दोन मैलांवर होतं. अण्णा बाज आणि चार माणसं आणायला गेले होते. वहिनींना बाजेवर निजवून खांद्यावरून न्यायचं, दचका लागणार नाही. हे पाच वर्षांत कुणालाच सुचलं नव्हतं. किंवा सुचलं असेल आणि बोललं गेलं नसेल, कारण चौघांच्या खांद्यावरून काय नेतात ते सगळ्यांना माहीत असतं.

दीड तासानं वाटेवर माणसं दिसली. चौघांच्या खांद्यावर बाज होती, पण ती रिकामी नव्हती. तिच्यावर एक म्हातारी बसली होती, दोन्ही हातांनी कड धरून, पदर डोक्यावर ओढलेला. बाजूनं चालणारा भाचा हैराण झाला होता. तो मला सांगू लागला की आजीला कळल्याबरोबर तिनं रान उठवलं. जिवंत लेकीला चौघांच्या खांद्यावर घालून माझ्या दारात आणता काय म्हणाली. ती बाज माझ्यासाठी आणा.

म्हातारी वरून म्हणाली, "मला काय त्याचं? आज नाही तर उद्या हिच्यावरनंच जायचंय. सवय होऊ दे."

बाज जीपला लावली. जीपमध्ये चढवताना तिनं लोखंडी कांब घट्ट धरली आणि विचारलं, "चालू तर नाही ना ही?"

"नाही, आई," अण्णा म्हणाले. "बंद आहे."

"करू नका."

ती सरकत सरकत गादीवर गेली आणि हातानं चाचपू लागली. पाय सापडले, गुडघा, मग पाठ. पाठीवर तिचा हात बराच वेळ थांबला. एकेक मणका मोजावा तशी बोटं वरून खाली गेली. "वाळलीस की गं, अक्का," ती म्हणाली. वहिनी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या. मी तिथून उतरलो आणि लांब जाऊन उभा राहिलो. अण्णा दुसऱ्या बाजूला, वाटेच्या पलीकडं उभे होते. आमच्यात जीप होती. दुपार कलेपर्यंत त्या दोघी आत बसल्या. भाच्यानं घरून भाकरी आणि ताक आणलं. अण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

परत येताना गाडीवाट संपेपर्यंत मी पुढं चालत दगड बाजूला करत होतो आणि अण्णा बैलाच्या चालीनं जीप आणत होते. वहिनी तीन आठवडे अंथरुणावर होत्या. त्या पावसाळ्यात त्यांची आई वारली. अण्णांनी मिस्त्रींकडून सगळ्या जुन्या पट्ट्या परत आणून बसवल्या आणि वर्षाच्या आत जीप विकली. माझ्याशी ते पूर्वीसारखंच बोलत, पण रविवारी हाक आली नाही. पुढच्या साली मला धारवाडच्या कॉलेजात जागा मिळाली आणि मी खोली सोडली. धारवाड म्हणजे बसनं अर्धा-पाऊण तास. सहा वर्षांत मी त्यांच्याकडं एकदाही गेलो नाही. सहा वेळा दसऱ्याला कार्ड पाठवलं. त्यांच्या मऊ पाट्यांबद्दल मी खोटं बोललो आणि त्यांनी मला बायकोसमोर पकडलं, मग कुठल्या तोंडानं जायचं, असं मी मनाशी धरलं होतं. ते आजारी असल्याचंही मला उशिरा कळलं. कळल्यावरही मी दोन महिने उद्या-उद्या करत राहिलो.

ते गेल्यावर गेलो. वहिनी त्याच खुर्चीत होत्या. थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी जे इतकी वर्षं घोळवत होतो ते एकदाचं सांगून टाकलं, की धडा मला पाठ झाला होता आणि तो मी लपवला.

"माहीत होतं की," त्या म्हणाल्या.

"त्या दिवशी वाटेवर कळलं, ते मला ठाऊक आहे."

"वाटेवर नव्हे. त्याच रविवारी. हे घरी येऊन म्हणाले, मास्तर पाठ म्हणतोय, आरशात बघितलं, पोरगा झाडं बघत होता. तीन चिंचोक्यांना काही अर्थ नाही. आता पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, आई पहिल्यापासून होणार नाही. गप्प बसा आणि चला."

मी विचारलं, "मग गाडी झाली का म्हणून मला कशाला विचारलंत?"

"ते आतून ऐकत होते. तुम्ही नाही म्हणाला असता तर निघाले नसते. तुम्ही हो म्हणणार हे मला ठाऊक होतं."

म्हणजे तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही त्या जीपमध्ये बसलो. मग पुस्तक? ते वाचायला लावणं, मिटायला लावणं? मी ते विचारलं तेव्हा वहिनी खिडकीकडं बघू लागल्या. "मी कण्हत होते ना," त्या म्हणाल्या. "त्यांना ते ऐकवेना. कुणाच्या तरी अंगावर टाकायचं होतं, आणि तुम्ही जवळ होता. त्याची त्यांना फार लाज वाटायची. तुम्ही खोली सोडलीत तेव्हा म्हणाले, गेला, बरोबर आहे त्याचं. दर दसऱ्याला कार्ड आलं की उलटसुलट करून बघायचे, येतो म्हणून लिहिलंय का. मी म्हणायचे, जा की धारवाडला, अर्ध्या तासाचं काम. तर म्हणायचे, तो रागावलाय, कुठल्या तोंडानं जाऊ."

हे खरं असेल. किंवा मला बरं वाटावं म्हणून त्यांनी तसं सांगितलं असेल. वाटेवरचा अण्णांचा चेहरा मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिला आहे. कधी त्यात आधीपासून माहीत असलेला माणूस दिसतो, कधी त्याच क्षणी कळलेला.

"मी रागावलो नव्हतो, वहिनी," मी म्हणालो.

"ते मला सांगून काय उपयोग, भाऊजी?" त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला भिंत धरून उठू लागल्या.